रायफल जुनी, यादी नवी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्रलेखक पन्नाशीला टेकलेले आहेत. सगळी नोकरी हिशेबतपासणीत गेली. तीन वर्षांपूर्वी नेमबाजीची गोडी लागली आणि गेल्या वर्षी त्यांनी रीतसर परवान्यावर एक वापरलेली बोल्ट-अॅक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो अशी) रिमफायर, म्हणजे पॉइंट टू-टू रायफल घेतली. रायफल तीस-चाळीस वर्षांची आहे. दस्ता अक्रोडाचा, त्यावर जागोजागी पोचे, आणि उजव्या बाजूला आधीच्या कुणा मालकाने चाकूने कोरलेली दोन अक्षरं. 50 मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, साधारण सहा सेंटिमीटरचा पडतो. आता त्यांना ती ‘नव्याने घडवायची’ आहे: जाड नळी, कृत्रिम साहित्याचा अॅडजस्टेबल दस्ता, ट्रिगर किट, मोठी दुर्बीण आणि वरून ताजं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा निळसर-काळा थर. या सगळ्याचा खर्च रायफलीच्या किमतीच्या अडीचपट होतो. बायको म्हणते, “मग नवीच का घेत नाही?” रेंजवरचे एक ज्येष्ठ नेमबाज म्हणतात, “हात लावू नकोस, जुन्या वस्तूचा मान ठेव.” तेरा वर्षांच्या लेकीला कामात हातभार लावायचा आहे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय, “आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे तपासले, स्वतःच्या हाताने कधी काही केलं नाही. हा वेडेपणा आहे का? आणि नसेल, तर सुरुवात कुठून करू?”

नमस्कार,

वेडेपणा मुळीच नाही. पण तुमच्या पत्रात सुट्या भागांची यादी दीड पान आहे आणि खुद्द रायफलीबद्दल जेमतेम चार ओळी. कोणती काडतुसं वापरता, ते नाही. सहा सेंटिमीटरचा ग्रुप एकदा पडला की दर वेळी पडतो, ते नाही. दस्त्याचे स्क्रू शेवटचे कधी पाहिले, तेही नाही. एखाद्या दुकानाचा हिशेब तुमच्याकडे असा आला असता, तर तुम्ही तो तपासायलाही घेतला नसता.

यादी बघून मला आणखी एक शंका येते. ती तुमच्या रायफलीसाठी झालेलीच नाही. रुगर टेन-ट्वेंटी-टू ही अर्धस्वयंचलित रिमफायर 1964 पासून बनतेय, आणि तिची नळी फक्त दोन स्क्रूंनी आवळलेली असते. त्यामुळे ती बदलणं कुणालाही जमतं, तिच्यासाठी सुट्या भागांचा मोठा बाजार उभा राहिलाय आणि बहुतेक व्हिडिओ तिच्याच भोवती फिरतात. तुमच्यासारख्या जुन्या बोल्ट-अॅक्शनची नळी बहुधा आट्यांनी किंवा पिनांनी पक्की बसवलेली असते. ती काढून नवी बसवायची, तर काडतुसाच्या काठासाठी मागे नेमकी किती फट ठेवायची ते मोजून घ्यावं लागतं. ती फट चुकली तर पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या नळीचा, पातळ काठ फुटू शकतो आणि गरम वायू मागे, चेहऱ्याकडे येतो. घरच्या टेबलावर करायचं हे काम नाही. नळीवर आजच फुली मारा.

शिवाय नळी झिजली असेल, हे तुम्ही धरून चालला आहात. पॉइंट टू-टूची गोळी मऊ शिशाची आणि नळीतला दाब कमी, त्यामुळे हजारो गोळ्या झाडूनही नळी ठणठणीत राहते. जुन्या रिमफायरची नळी गोळ्यांपेक्षा सफाईच्या गजाने जास्त बिघडते, कारण लोक वर्षानुवर्षं तोंडाकडून गज घालतात आणि तो तिथल्या कडेवर घासत राहतो. गोळी नळी सोडताना शेवटचा स्पर्श याच कडेला करते. कान कोरायची कापसाची काडी घ्या आणि नळीच्या तोंडातून चहूबाजूंनी हलकेच बाहेर ओढा. एकाच जागी कापसाचे धागे अडकत असतील, तर तिथे बारीकशी कपची आहे. कारागीर लेथवर ती कड पुन्हा साफ कापून देतो, आणि नव्या नळीच्या मानाने ते किरकोळ काम आहे.

आता काडतुसांबद्दल. तुमच्या सहा सेंटिमीटरचं उत्तर बहुधा इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस 1887 पासून जवळपास त्याच रूपात चालत आलंय. त्यातली गोळी पुंगळीइतकीच जाड असते आणि फक्त तिची शेपटी बारीक करून पुंगळीत बसवलेली असते. वंगण उघड्यावर, गोळीच्या अंगावरच. काडतुसं भरताना बोटांना मेणासारखं चिकट लागतं, ते तेच. पेटणारा मसाला पुंगळीच्या काठाच्या पोकळ घडीत असतो, म्हणून तर नाव रिमफायर. मसाला त्या घडीत सगळीकडे सारखा पसरला नाही, तर एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांच्या वेगात फरक पडतो. सेंटरफायरवाले (ज्यांच्या काडतुसात मसाला बुडाच्या मध्यभागी असतो ते) आपली काडतुसं स्वतः भरून रायफलीशी जुळवून घेतात. आपल्याला ती सोय नाही. कारखान्यातून भरून आलेल्या डब्यांतूनच आपल्याला निवडावं लागतं, आणि कोणता डबा चालेल ते रायफल ठरवते.

वेगाचंही एक गणित आहे. ‘हाय व्हेलॉसिटी’ची 40 ग्रेन (गोळीच्या वजनाचं एकक) वजनाची गोळी सेकंदाला साधारण 375 मीटर वेगाने निघते. ध्वनीचा वेग 343 मीटरच्या आसपास. म्हणजे ही गोळी 50 मीटरपर्यंत पोचता पोचता ध्वनीच्या वेगाखाली उतरते, आणि तो उंबरा ओलांडताना तिचा तोल डगमगतो. ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ची गोळी निघतेच 325-330 मीटरने, त्यामुळे तिच्या वाटेत हा उंबरा येतच नाही. डब्यावर मोठ्या अक्षरात ‘हाय’ दिसलं की आपण तो उचलतो. कागदावर नेम साधायचा असेल, तर सहसा तो डबा मागे ठेवावा.

तर चार-पाच प्रकारच्या स्टँडर्ड काडतुसांचा एकेक डबा घ्या. वाऱ्याची वेळ टाळा. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवा. डबा बदलला की पहिल्या दहा गोळ्या मोजू नका, त्यांना नळीत नव्या वंगणाचा थर बसवू द्या. मग पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप झाडा आणि प्रत्येकात सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा. पाचांतला सर्वांत छान ग्रुप पाकिटात घालून मित्रांना दाखवायचा असतो, वहीत पाचांची सरासरी लिहायची असते. हे तुम्हाला मी काय सांगावं!

वही मात्र ठेवाच, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दुर्बीण, दस्ता आणि काडतूस एकाच रविवारी बदललंत, तर ग्रुप आवळला तरी कशामुळे ते कळणार नाही, आणि बिघडला तरी नाही. 50 मीटरच्या आंतरराष्ट्रीय रायफल टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचं असतं. तिथवर पोचण्याचा आग्रह नको, ती वेगळ्या जातीच्या रायफलींची शर्यत आहे. पण नळीचं तोंड शाबूत असलेली साधी रायफल, तिला मानवणारं काडतूस मिळालं की, दोन-अडीच सेंटिमीटरवर यायला हरकत नाही.

काडतुसांच्या आधी दहा मिनिटांचं एक काम करून घ्या. दस्त्याखालचे दोन स्क्रू पाहा. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आक्रसतं, स्क्रू सैल पडतात आणि रायफल दस्त्यात जरा जरा हलत राहते. स्क्रू आवळा, पण जीव काढू नका, लाकूड चेपतं. शिवाय हाताला येईल तो स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. साध्या ड्रायव्हरचं पातं टोकाकडे निमुळतं असतं, ते खाचेतून वर सरकतं आणि खाचेच्या कडा मोडतं. बंदूक कारागीर समांतर कडांचं, खाचेत तंतोतंत बसणारं पातं वापरतात. माझ्या पहिल्या रायफलीच्या पुढच्या स्क्रूवर मी स्वयंपाकघरातल्या खणातला ड्रायव्हर चालवला होता. ती ओरबाडलेली खाच आजही रायफल हातात घेतली की सगळ्यात आधी दिसते.

त्याच बैठकीत कागदाची एक पट्टी नळी आणि दस्त्याच्या मधून पुढून मागे सरकवून बघा. ती एखाद्या जागी अडत असेल, तर लाकूड नळीला तिथे टेकतंय. लगेच पॉलिश पेपर उचलू नका. काही रायफलींच्या दस्त्यात पुढे मुद्दाम टेकू दिलेला असतो. वहीत नोंद करून ठेवा, काडतुसं ठरल्यावर पुढचं पाहू.

मोठ्या दुर्बिणीची घाई करू नका. जास्त मोठं दाखवणारी दुर्बीण गोळ्या जवळ आणत नाही. आपला हात किती थरथरतो, तेवढं मोठं करून दाखवते. आहे ती दुर्बीण मोठ्या रायफलीसाठी बनवलेली असेल, तर तिचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की दुर्बिणीतली नेमाची फुली सरकल्यासारखी दिसते तो दोष) बहुधा 100 यार्डांवर नाहीसा होईल असा बांधलेला असणार. 50 मीटरवर डोळा जरा इकडेतिकडे झाला की फुली टार्गेटवर सरकते आणि दोष नळीच्या माथी जातो. रिमफायरसाठीच्या दुर्बिणी साधारण 50 यार्डांवर बांधलेल्या असतात. डोकं किंचित हलवून बघा, फुली जागेवरून हलते का. दुर्बीण रायफलीला धरणारे पाय सैल नाहीत ना, तेही पाहा. अशा रायफलींच्या पाठीवर अनेकदा 11 मिलिमीटरच्या खाचा असतात आणि त्यांत चुकीच्या मापाचे पाय नुसते चिमटीसारखे बसतात, धरत नाहीत.

ट्रिगरबद्दल माझं मत ठाम आहे. चाप हलका करण्यासाठी आतले टेकणारे पृष्ठभाग घरी घासू नका. ते पोलाद वरूनच, पातळ थरात कडक केलेलं असतं. तो थर गेला की चाप आज मखमली वाटतो आणि महिन्याभराने नुसत्या धक्क्याने, किंवा बोल्ट जोरात लावल्यावर, गोळी सुटते. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेलं तयार किट मिळत असेल, तर ते कारागिराकडून बसवून घ्या आणि सेफ्टी त्याच्यासमोर तपासा. तोवर आतलं जुनं, घट्ट झालेलं ग्रीस साफ करून घेतलं, तरी निम्मा जडपणा जातो असा माझा अनुभव आहे. रिकाम्या रायफलीवर चापाचा सराव करायचा असेल, तर सांभाळून. कित्येक रिमफायरमध्ये काडतूस नसताना फायरिंग पिन थेट नळीच्या काठावर आदळते आणि तिथे खड्डा पाडते. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात तो प्लास्टिकचा गट्टू, योग्य मापाचा निवडून, काडतुसाच्या जागी बसवायची युक्ती बरेच नेमबाज करतात.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे येते. माझ्या मते तुमच्या मनात दोन छंद एकमेकांत गुंतलेत. एक, नेम सुधारायचा आहे. दोन, हाताने काहीतरी करायचं आहे. पहिल्यासाठी विकत घेण्यासारखं फार नाही, काडतुसं आणि वही पुरेत. दुसऱ्यासाठी विकतचे भाग बसवण्यात काय मजा? खोकं उघडायचं, चार स्क्रू फिरवायचे, संपलं. हाताने करायचं खरं काम तुमच्यासमोरच पडलंय: तो अक्रोडाचा दस्ता.

त्याआधी ज्येष्ठांच्या बोलण्यातलं तथ्य तपासून घ्या. मूळ पॉलिश आणि ब्लूइंग शाबूत असलेल्या काही जुन्या रायफली संग्राहकांना हव्या असतात, आणि अशा रायफलीवर पॉलिश पेपर फिरवणं म्हणजे पैशावर पाणी सोडणं. जाणत्या माणसाला दाखवा. मात्र पोचे पडलेला आणि वर अक्षरं कोरलेला दस्ता त्या रांगेतून बहुधा केव्हाच बाहेर पडलाय. तुम्ही मोकळे आहात.

आता दस्ता सोडवा, पण खांद्याला टेकते ती मागची पाटी काढू नका, निदान घासताना नको. ती काढून घासलं की कडा गोल होतात, पाटी परत बसवल्यावर लाकूड आत आणि पाटी बाहेर, असं दिसतं. जिथे लाकूड धातूला भिडतं त्या कडाही सोडून द्या. आधी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एका कोपऱ्यात चोळा. पॉलिश विरघळून चिकट झालं, तर ते लाखेचं, आणि बरंचसं नुसत्या स्पिरिटने निघेल.

मग पोचे. सुती फडक्याची ओली घडी पोच्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक क्षणभर टेकवा. चर्र आवाज येईल, वाफ दबलेल्या रेषांत शिरेल आणि त्या फुगून वर येतील. खोल पोच्याला चार-पाच वेळा करावं लागतं. पण वाफ फक्त दबलेल्या लाकडाला उठवते. कापलेल्या रेषा तिने जुळत नाहीत. म्हणून ती दोन अक्षरं वाफेने जाणार नाहीत. ती घालवायची तर आजूबाजूचं लाकूड अक्षरांच्या तळापर्यंत उतरवावं लागेल, आणि तिथे दस्त्याला बशीसारखा खोलगट भाग पडेल. मी असते तर अक्षरं ठेवली असती. काठ थोडे मऊ करायचे, बाकी राहू द्यायचं.

लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून रेषांच्या दिशेने घासा: आधी 180 नंबरचा, मग 220, मग 320. शेवटी ओलं फडकं फिरवून वाळू द्या. लाकडावर दाढीच्या खुंटांसारखे तंतू उभे राहतील, ते 320 ने अलगद उतरवा. हे दोनदा करा. मग पक्कं जवसाचं तेल, बॉइल्ड लिन्सीड म्हणून मिळतं ते. चार थेंब तळहातावर घ्या आणि लाकूड कोमट लागेपर्यंत चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, एक दिवस थांबा, परत. सहा-आठ हात लागतील. जाड हात दिलात, तर चिकट साय धरते आणि सगळं खरवडून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. नळी बसते त्या आतल्या खोबणीलाही एक पातळ हात द्या, लाकडात ओल तिथूनच शिरते. पहिल्या हाताला करडं, रुक्ष अक्रोड एकदम गडद होतं आणि दडलेल्या रेषा वर येतात. त्या वेळी लेकीला जवळ बोलवा.

तेलाच्या चिंध्या चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना हवेशी संयोग पावून तापतं, आणि चिंधीच्या बोळ्यात ती उष्णता कोंडून चिंधी आपोआप पेटू शकते. चिंध्या बाहेर सपाट पसरून कडक वाळू द्या, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

ब्लूइंगचं थोडक्यात. वरवरचा गंज तेल आणि चार शून्यांच्या बारीक स्टील वूलने निघतो. बाटलीतलं ‘कोल्ड ब्लू’ लहान ओरखड्यांपुरतं ठीक, सबंध नळीवर ते डागडागी दिसतं. त्यात सेलेनियमची विषारी संयुगं असतात, हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. कारखान्याचे शिक्के आणि क्रमांक यांच्या आसपास काहीही घासू नका. क्रमांक पुसट झाला, तर तुमचा हेतू कितीही निर्मळ असला तरी ते गुन्ह्यात मोडू शकतं. नळी, बोल्ट, चाप यांच्या कुठल्याही बदलाला आपल्याकडच्या कायद्यात परवानगी लागते का, तेही परवाना देणाऱ्या कार्यालयात आधी विचारा. देशागणिक नियम वेगळे आहेत, व्हिडिओतला माणूस दुसऱ्या कायद्याखाली राहतो.

लेकीला जरूर घ्या. काडतुसं त्या खोलीत नसावीत, दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. बोल्ट काढा, नळीतून आरपार उजेड दिसतो का ते तिला स्वतःला बघू द्या, मग दस्ता सुटा करून बाकी सगळं कुलपात. त्यानंतर टेबलावर उरतं ते निव्वळ लाकूड, आणि ते तेरा वर्षांच्या मुलीने घासायला काहीच अडचण नाही. घासताना तोंडाला मास्क लावा. नळीच्या सफाईत शिशाचे अंश असतात, ते काम तुम्ही करा आणि हात साबणाने धुवा. ज्या वाचकांच्या रायफलीला नळकांड्याचं मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा, आहे (1960 पासूनची मार्लिन मॉडेल 60 त्यातली), त्यांच्यासाठी एक इशारा: अशा नळकांड्यात एखादं काडतूस मागे अडकून राहू शकतं. नळकांडं ओढून रायफल हलवली आणि काही पडलं नाही, एवढ्यावर थांबू नका, बोल्ट पुन्हा पुन्हा ओढून, डोळ्यांनी पाहून खात्री करा.

राहिला घरातला प्रश्न. ‘नवीच का नाही’ हे बायकोचं म्हणणं पैशाच्या बाजूने शंभर टक्के बरोबर आहे. बदललेल्या रायफलीत घातलेला पैसा विकताना परत येत नाही, घेणारा तिला वापरलेली रायफलच समजतो. ही गुंतवणूक आहे असं त्यांना सांगायला जाऊ नका. कृत्रिम दस्त्याचा हट्ट असलाच, तर वर्षभराने घ्या. तो बदल उलटा फिरवता येतो, जुना दस्ता जपून ठेवा म्हणजे झालं. तोवर काडतुसांचे पाच डबे, एक बरा ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि तेलाची बाटली एवढाच खर्च. वहीच्या मागच्या पानावर ‘छंद’ असं खातं उघडा, सगळा खर्च नावे टाका आणि जमेची बाजू कोरी सोडा. पान त्यांना आपणहून दाखवा.